रोज एक नवमी

आमच्या घरमालकांनी उमेदीची सगळी वर्षं लष्करात बंदुकांचा गंज काढण्यात घालवली आणि पेन्शनीत आल्यावर ते बंदुकांना गंज चढवायला बसले. ही चेष्टा नाही. मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी स्वतःच आपली अशी ओळख करून दिली होती. वर, "दोन्ही कामं सारखीच बाई, फक्त हात उलटा फिरवायचा," असंही गंभीरपणे सांगितलं होतं. खोलीचं भाडं, पाण्याची वेळ, जिन्याखाली सायकल लावता येईल का, हे सगळं मग काकूंनी सांगितलं. त्या घरात अशा किरकोळ गोष्टी काकूंकडे असत.

एकाहत्तर सालची गोष्ट. नगरच्या एका मुलींच्या शाळेत मी नवीनच लागले होते, इतिहास आणि भूगोल शिकवायचे, आणि भिंगारला त्यांच्या माडीवर राहायचे. खाली अंगणात बोरीच्या झाडाला लागून पत्र्याची शेड होती. तिथे मालक दिवसभर खाकी हाफपँट आणि बंडी घालून बसलेले. उंच, वाळके, मिशा मात्र भरघोस. भोवती लाकडाचे दस्ते, भंगारातून आणलेल्या नळ्या, हिरड्याचं पाणी भरलेली मातीची भांडी. गावोगावच्या जत्रांतली नाटकं, तमाशातले वग, शाळांची स्नेहसंमेलनं यांना लागणाऱ्या खोट्या बंदुका ते करून देत. बंदूक बनवण्याचं काम त्यांचं चार-दोन दिवसांत आटपायचं. खरा वेळ जायचा ती जुनी दिसायला लावण्यात.

'जुनी' हा शब्द त्यांना आवडायचा नाही. 'वापरलेली' म्हणायचे. "जुनं काय, कोपऱ्यात पडून पण होतं. त्याला कोणी विचारत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बंदूक मागायला आलेल्या माणसाला आधी तासभर उलटतपासणी द्यावी लागे. कुणाच्या हातात असणार? शिपाई की जमादार? उजवा की डावखुरा? चालत फिरायचा की घोड्यावर? बिचारी नाटकवाली मंडळी! त्यांना तिसऱ्या अंकात एक बार काढून प्रधानाला आडवा पाडायचा असे, एवढंच. एकदा अकोले तालुक्यातल्या, डोंगराकडच्या एका गावचे दोघे आले होते. त्यांनी कंटाळून "कुणाचीबी धरा, पर लवकर द्या," म्हटल्यावर मालक चिडले. म्हणाले, "तुमच्याकडे चार महिने पाऊस. तुमचा गंज ओला, पापुद्र्याचा. पाथर्डीकडचा गंज कोरडा, नुसती लाल भुकटी. कुणाचीही धरून कसं चालेल?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण हळूच म्हणाला, "तमाशा सुरू झाला की मागनं गंज कोन बघतंय?"

"मी बघतो," मालक म्हणाले.

आणि ते खरंच बघायला जायचे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ते पहिल्या रांगेत बसले होते. पहारेकऱ्याचं काम करणारी मुलगी बंदूक डाव्या खांद्यावर घेऊन आली. मालक खुर्चीतून उठले आणि सगळ्या पालकांच्या देखत ओरडले, "पोरी, उजवा! उजवा खांदा! दस्ता उजव्या बाजूनं झिजवलाय!" पोरीनं घाबरून बंदूक टाकली आणि पडदा पाडावा लागला. मुख्याध्यापिकाबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. मालकांना मात्र वाईट वाटलं ते दस्त्याला पडलेल्या खाचेचं.

त्यांची काम करण्याची तऱ्हा सांगितली तर कुणाला खोटी वाटेल. नळीला चिंचेचं पाणी आणि मीठ चोळून ती राखेत पुरून ठेवायची आणि पुन्हा उकरून वाळूनं घासायची. लाकडावर हिरड्याचं पाणी फिरवायचं, ते वाळलं की गंजक्या खिळ्यांचं पाणी. लाकूड बघता बघता काळंशार होई. इथपर्यंत ठीक. पण दस्ता खांद्यावर झिजायला हवा म्हणून ते रोज सकाळी बंदूक खांद्यावर टाकून मैल-दोन मैल चालून यायचे. छावणीचा भाग. रस्त्यावरचे जवान त्यांना ओळखत, कुणी थट्टेनं सलामही ठोकी. मालक तो खरा समजून परत ठोकत. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा मात्र एका सुभेदारानं त्यांना हात जोडले, "उस्ताद, अब कुछ दिन घर में ही घूमो." मग ते अंगणात बोरीभोवती फेऱ्या मारू लागले. काकू कपडे वाळत घालता घालता म्हणायच्या, "वड-पिंपळाला प्रदक्षिणा घालतात ऐकलं होतं. आमच्याकडं बोरीला घालतात, ते पण हत्यारासकट."

काकूंचा आणि त्यांचा संसार असा तिरकस बोलण्यावर चालला होता. मूल नव्हतं. त्याबद्दल दोघांनी माझ्याकडे कधी शब्द काढला नाही, पण गल्लीतल्या पोरांना बोरं पाडायला त्या घरात कधी ना नव्हती, यावरून मी काय ते समजले. देवधर्म सगळा काकूंचा. मालक देवाला नमस्कार करत तो शेडमधूनच, हात पुसायच्या आधी. "मला लष्करात सगळ्या धर्मांच्या बंदुका साफ कराव्या लागल्या, मी कुणा एकाचा कसा होऊ?" असं काहीतरी सांगत. काकू त्यावर नुसता हुंकार देत.

माणसाकडे बघण्याआधी ते त्याच्या वापरातल्या वस्तूकडे बघत. मी आल्याच्या आठवड्यात त्यांनी माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, तुम्ही रागावलात की टाच आपटता." मी रागावून टाच आपटत निघून गेले. दुसऱ्या वेळी माझी छत्री हातात घेऊन, "ही तुमच्या आईची," म्हणाले. ती खरंच आईची होती. मी कसं ओळखलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "मूठ तुमच्या हाताला बसत नाही." मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस अगदीच चक्रम नाही. आणि मला त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली तीही तेव्हापासूनच.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात, रविवारच्या दिवशी, काष्टीच्या बाजूची एक आजी एस.टी.नं आली. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, काखेत गोधडीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी. ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि गोधडी सोडली. आत बंदूक होती. ठासणीची, पुरुषभर लांब, काळीभोर, आणि नळीपासून दस्त्यापर्यंत हळदीकुंकवाचा जुना थर चढलेली.

"जत्रंत तुमची बंदूक बघितली," आजी मालकांना म्हणाली. "नाटकात व्हती. मला वाटलं, आमच्याच देव्हाऱ्यातली चोरून आनली का काय! घरी जाऊन बघितलं तवा जिवात जीव आला. मंग नाटकवाल्यांना तुमचा पत्ता इचारला."

मालकांच्या मिशा फुलल्या. एवढी मोठी शाबासकी त्यांना कुणी दिली नव्हती.

आजीचं काम असं होतं. तिचे दोन मुलगे वेगळे निघत होते. जमीन, विहीर, बैलं, भांडीकुंडी, सगळ्याची पंचांनी वाटणी करून दिली. अडलं ते या बंदुकीवर. घरातल्या कुणा पूर्वजानं ती लढाईत वापरली होती म्हणत, आणि दर खंडेनवमीला औता-कोयत्यांच्या आधी तिची पूजा व्हायची. थोरला म्हणे मी थोरला, बंदूक माझ्या घरी. धाकटा म्हणे वडिलांचं शेवटपर्यंत मी केलं, बंदूक माझ्या घरी. बोलणंचालणं थांबलं होतं. जावा एका विहिरीवर पाणी शेंदायच्या आणि एकमेकींकडे पाठ करायच्या.

"आवंदाच्या नवमीला येक जन दुसऱ्याचं डोस्कं फोडनार बघा," आजी म्हणाली. "दस्ता हालतोय, दुरुस्त करून आनते म्हनून घेऊन आले. मला अशीच दुसरी करून द्या. कुनालाबी वळखू येता कामा नये. दोनी म्होरं ठिवीन आनि म्हनंल, यातली येक थोरल्या बाबांची, येक नवी, कंची कंची ते मलाबी ठावं न्हाई. उचला."

मालकांनी बंदूक मांडीवर घेतली. नळीत तार घालून पाहिली, दारूला ठिणगी लागायच्या भोकावर बोट फिरवलं, वास घेतला. मग त्यांचा चेहरा विचित्र झाला. मी जिन्यात उभी होते, मला वर येऊन म्हणाले, "बाई, पंचाईत आहे. हिच्यातून कधी बार उडालेला नाही. भोक आरपार गेलेलंच नाही. कुण्या सुतार-लोहारानं मिळून केलेलं काम आहे. सरकारनं हत्यारं जमा करून घेतली असतील तेव्हा खरी गेली असेल, आणि पूजेला म्हणून ही करून घेतली असेल. म्हणजे माझ्यासारख्याच कुणाचं तरी काम." त्यांनी खाली ओट्याकडे बघितलं. "त्या माउलीला सांगू का नको?"

मी म्हटलं, सांगू नका. पिढ्यानपिढ्या पुजलेली वस्तू, कशाला तिचा जीव दुखवायचा? त्यांनी माझं नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. खाली गेले आणि सरळ सांगून टाकलं.

आजीनं बंदूक आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाली, "सुटली न्हाई गोळी तर न्हाई सुटली. आमी काय मानसं मारायला पुजतो व्हय तिला? माज्या सासूनं पुजली, तिच्या सासूनं पुजली. ते तर खरं हाय का न्हाई?"

"ते खरं," मालक म्हणाले.

"मंग तेवढं उतरवा दुसरीवर."

त्या एका वाक्यानं मालकांची सहा महिन्यांची झोप उडवली. आजवर त्यांनी शिपायाचा खांदा, घोडेस्वाराची मांडी, पाऊस, धूळ, सगळं उतरवलं होतं. पूजा उतरवायची कशी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आजीला त्यांनी एस.टी.ची वेळ होईपर्यंत सोडलं नाही. पूजा कोण करायचं? कुंकू कुठल्या बोटानं? तेल कसलं? फुलं कुठं ठेवायची? समई कुठल्या बाजूला? सासूचा हात जड की हलका? आजीनं न कंटाळता सगळं सांगितलं. सासू कुंकू मुठीनं लावायची म्हणे. ती स्वतः लावायची ते एका बोटानं, सासू ओरडेल म्हणून भीत भीत.

आषाढअखेर दुसरी बंदूक घडवून झाली. लांबी, जाडी, ठोके, चिरा, सगळं पहिलीसारखं. मालकांनी हळदकुंकू आणि तेल कालवून तिला लेप दिला आणि दोन्ही शेजारी ठेवून आम्हाला बोलावलं. मला तर फरक दिसला नाही. काकू मात्र लगेच म्हणाल्या, "हिला रंग दिलाय. तिची पूजा केलीये."

मालकांनी तो लेप खरवडून काढायला घेतला. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून धूतवस्त्र नेसून बाहेर आले. काकूंच्या हातातला तवा हातातच राहिला.

"पाट मांड," मालक म्हणाले. "आज खंडेनवमी आहे."

"श्रावण चाललाय," काकू म्हणाल्या.

"आपल्याकडे श्रावण. हिच्याकडे नवमी. रोज एक."

असं ते सुरू झालं. रोज सकाळी एक नवमी, म्हणजे बंदुकीच्या आयुष्यातलं एक वर्ष. पाट, रांगोळी, समई, झेंडू मिळाला तर झेंडू, नाही तर दारची सदाफुली. मालक तेलाचा बोळा फिरवत आणि काकू कुंकू लावत. काकूंचा आधी मोठाच विरोध होता. देवाची अशी थट्टा करू नये, काहीतरी विपरीत होईल, असं त्या म्हणत. पण मालकांनी त्यांना सांगितलं, की तू आता त्या घरातली सगळ्यात पहिली सासू आहेस, आणि तुझ्या हातावाचून काम अडलंय. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाला काकूंची गरज पडायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवसापासून त्या न सांगता पाट मांडू लागल्या.

त्या पूजेत मालकांनी कसलीही सूट घेतली नाही. "आज तेल पळीभरच. दुष्काळाचं साल आहे," म्हणायचे. बाहेरही दुष्काळच होता त्या वर्षी. पाऊस फिरकला नव्हता, गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं होतं आणि आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी होतं. काकू म्हणायच्या, "त्यांच्याकडंही दुष्काळ, आपल्याकडंही. चला, मेळ बसला." एका सकाळी मी खाली आले तर पाट नाही, समई नाही, मालक शेडबाहेर नुसते बसलेले. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, "त्या घरात आज सुतक आहे. आजीचा आजेसासरा गेला त्या सालची नवमी. पूजा नाही." दिवसभर त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. हसावं की काय करावं मला कळेना. शाळेत गेले तरी दिवसभर ते डोक्यातून जाईना. मी मुलींना ज्या लढाया शिकवत होते त्यातल्या एकाही मेलेल्या माणसाचं मी कधी असं सुतक पाळलं नव्हतं.

मग एकदा नवी सून घरात आली, म्हणजे आजी स्वतः. त्या दिवसापासून काकू एका बोटानं, भीत भीत कुंकू लावू लागल्या. आणि खूप दिवसांनी अशीच एक सकाळ उजाडली, तेव्हा मालकांनी मला हाक मारली. काकू देवघराच्या दारात उभ्या होत्या, पुढे येत नव्हत्या.

"बाई, हात धुवून या. आजपासून कुंकू तुम्ही लावायचं," मालक म्हणाले.

"मी का?"

"आजीचे मालक गेले. आता ती लावणार नाही. थोरली सून लावणार."

काकूंनी पदरानं डोळे पुसलेले मी पाहिले. कुणासाठी पुसले कोण जाणे. आजीचा नवरा जाऊन वर्षं लोटली होती आणि आम्ही कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं. मी मुकाट्यानं बोट कुंकवात बुडवलं. अशी मी लग्नाच्या आधीच कुठल्याशा कुणबी घरची थोरली सून झाले. सासरची सेवा मी चांगली केली, हे सांगायला हरकत नाही.

खऱ्या नवमीच्या दोन दिवस आधी आजी आली. दोन्ही बंदुका पाटावर ठेवल्या होत्या. आजी आधी एकीपाशी बसली, मग दुसरीपाशी. दोन्हींवरून हात फिरवला, वास घेतला, दस्ते उलटेसुलटे करून पाहिले. मालक टाचा जुळवून उभे. त्यांनी लष्करातही एवढी तपासणी दिली नसेल.

"झ्याक," आजी म्हणाली. एवढंच. दोन्ही गोधडीत गुंडाळल्या, काकूंना खण दिला, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि गेली. त्यानंतर चार-आठ दिवस मालकांचं कामात लक्ष नव्हतं. कुणाचं डोकं फुटलं का, हे कळायला मार्ग नव्हता. वर्तमानपत्रात काष्टीची बातमी शोधायला त्यांनी मला लावलं. रोज सकाळी आंघोळ करून बाहेर यायचे आणि पाट मांडलेला नाही हे बघून परत आत जायचे.

कळलं ते दोन वर्षांनी. शाळेला सुट्टी होती, मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. पटकेवाला, पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस फाटकातून आत आला. त्याच्या खांद्यावर आमची बंदूक होती. आमची म्हणजे मालकांनी केलेली. ती मलाही ओळखता आली नसती, पण मालकांनी शेडमधूनच ओळखली आणि ते एकदम उठून उभे राहिले.

"हिचा चाप निखळलाय," तो माणूस म्हणाला. "आमच्या आईनं तुमच्याकडंच दुरुस्त केलती."

हा थोरला. मालकांनी बंदूक हातात घेतली. चेहरा त्यांनी शक्य तेवढा कोरा ठेवला होता. "जुनं काम आहे," असं काहीतरी पुटपुटले.

"कशाला, मास्तर," थोरला हसून म्हणाला. त्यानं त्यांना मास्तर का म्हटलं कोण जाणे. "तुमीच केलेली हाय की ही. मला पयल्या दिवशीच कळलं."

मालक मटकन स्टुलावर बसले. "कशावरून?"

थोरल्यानं दस्त्याच्या टोकाला बोट लावलं. तिथे बारीक चावे होते. "हे तुमी काय म्हनून केलं?"

"उंदराचे," मालक म्हणाले. "पहिलीला होते तसेच केले. तेल लागलेलं लाकूड, उंदीर कुरतडणारच."

"माजे दात हायती ते." थोरला अंगणातच उकिडवा बसला. "दात येतवक्ती मी कशालाच गप ऱ्हायचो न्हाई म्हनं. आई पूजा करताना मला मांडीवर घ्यायची आनि म्या दस्ता धरून चावायचो. लहानपनापासून बघतोय मी ते. पोराचे दात आनि उंदराचे दात येक असत्यात व्हय?"

मालकांनी आजीला तासन्‌तास प्रश्न विचारले होते. सासूचं बोट, समईची बाजू, सगळं. त्या टोकाबद्दल मात्र त्यांनी विचारलं नव्हतं, कारण उंदीर म्हणून त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मला वाटलं, आता हे पुन्हा दोन दिवस कुणाशी बोलणार नाहीत.

"मग तुम्ही ही कशी उचलली?" मी न राहवून विचारलं. "चुकून?"

"चुकून कशी? आईनं दोनी म्होरं ठिवल्या आनि म्हनली, थोरल्या, पयलं तू उचल. म्या दोनी उलट्या करून बघितल्या. जुनी डाव्या हाताला व्हती. धाकटा समोर बसल्याला, त्याच्या तोंडाकडं बघवंना. बाप अंथरुनावर व्हता तवा त्यानंच केलं सगळं, ते काय खोटं हाय? म्या उजवी उचलली."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आजींना माहीत आहे?" काकूंनी विचारलं.

"तिच्याच मांडीवर चावलोय की मी. तिला ठावं नसंल व्हय? मला वळखू येनार हे तिला पक्कं ठावं व्हतं. म्हनूनच पयलं मला उचलाय लावलं." तो पटका सारखा करत म्हणाला, "तिनं कदी इचारलं न्हाई, मी कदी सांगितलं न्हाई. धाकट्याला वाटतंय, नशिबानं त्याला खरी घावली. खूश हाय. नवमीला ती घेऊन आमच्याकडं येतो, दोनी येका पाटावर ठिवतो आमी."

मला भरून आलं होतं, ते मी लपवलं नाही. आम्ही सहा महिने जिवाचा आटापिटा करून दोन भावांना फसवायला निघालो होतो. त्यांतला एक जण फसला नव्हता, म्हणून ते घर वाचलं होतं. मालकांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"ठेवून जा बंदूक. आठ दिवसांत दातांचं नीट करून देतो. आता मला समजलं कसे पाहिजेत ते."

"नको," थोरला पटकन म्हणाला. "तेवढं करू नका. हितं बघा."

त्यानं दस्ता फिरवून दाखवला. उंदराच्या चाव्यांच्या खाली, काळ्या लाकडावर, चार लहान लहान खळगे उमटले होते. आतलं लाकूड अजून पांढरं होतं.

"नातू हाय माजा," तो म्हणाला. "आई त्याला मांडीवर घेऊन बसती."

मालकांनी बंदूक गुडघ्यावर आडवी घेतली आणि त्या खळग्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे मला जमलं नसतं," ते म्हणाले.

मग त्यांनी हातोडा मागितला. काकूंनी तो आणून दिला आणि चहा ठेवायला आत गेल्या. मालक चापाच्या खिळीकडे बारकाईनं बघत राहिले.

"किती दात आलेत?" त्यांनी विचारलं.

"चार. पाचवा येतोय."

"मग ही खीळ दोन्हीकडून ठोकून बसवतो," मालक म्हणाले. "सैल राहिली तर पोराच्या तोंडात जाईल."